उकंडराव पाटलांची उजवी लाथ

वडनेर भोलजीच्या उकंडराव पाटलांनी उभ्या जन्मात कोणाला काही फुकट दिलं असेल, तर ती लाथ. सालदाराला दिली, बैलाला दिली, ओसरीवर चढलेल्या कुत्र्याला दिली, आणि एकदा तर वेळेवर न उघडणाऱ्या दाराला देऊन स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला. त्यामुळे पाटलांची पाठ धरली त्या दिवशी गावात कोणी मोठ्याने हसलं नाही खरं, पण घरोघरची जेवणं जरा चवीनं झाली.

माणूस काही जन्मापासून असा नव्हता. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. यमाला किळस यावी, हा हेतू. यमाला ती आली की नाही कोण जाणे, गावाला मात्र आली. पुढे शेतं वाढली, नावाला राव चिकटला, पण पोराटोरांच्या तोंडी, पाठ फिरली की, तो उकंड्या तो उकंड्याच.

पाठीचं दुखणं साधं नव्हतं. आधी चमक निघे, मग ती कमरेत मुक्कामाला आली, आणि शेवटी पाटील असे वाकले, की समोरच्याशी बोलताना त्याच्या पायांशी बोलल्यासारखं दिसे. वैद्याचे काढे झाले. बिब्ब्याचे चटके झाले. कोणी म्हणालं, लोणारच्या सरोवरात बसा, त्या खाऱ्या पाण्यानं हाडं मोकळी होतात. पाटील बैलगाडीनं तिथवर गेले, गळ्यापर्यंत बसले, आणि पाठ होती तशी घेऊन, अंगाची सालटं काढून परत आले. अंगाचा वास पुढे कितीतरी दिवस ओसरीवर बसायला येणाऱ्यांना दूर ठेवत होता. तसेही फार कोणी येत नसत.

शेवटी गोजरबाईला बोलावलं. आपल्याकडे समज असा, की जे मूल डोक्याच्या आधी पाय बाहेर काढून जन्माला येतं ते पायाळू, आणि पायाळू माणसानं पाठीत लाथ मारली की भरलेली उसण निघून जाते. गोजरबाई गावातली एकुलती एक पायाळू. ओंजळभर ज्वारीवर ती कोणाच्याही पाठीत लाथ मारून देई. पाटलांना तिनं एकाऐवजी तीन मारल्या. पहिली उसणीसाठी होती. उरलेल्या दोन कशासाठी होत्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

गुण आला नाही. मग राहिलं नागपूर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं. मोठा दावा असो की मोठं दुखणं, नागपूरला गेल्याशिवाय निकाल नव्हता.

तिथल्या एका इस्पितळात विलायतेहून शिकून आलेले एक सर्जनसाहेब होते. त्यांनी पाटलांना उताणं केलं, पालथं केलं, टाचण्या टोचल्या, आणि सांगितलं की पाठीच्या मणक्यांच्या आत सुपारीएवढी गाठ आहे, ती काढावी लागेल. काढली. नंतर ती गाठ काचेच्या बरणीत घालून चार शिकाऊ डॉक्टरांना दाखवली. सगळे इतके खूश झाले, की पाटलांना वाटलं, मुलगाच झाला.

"ते बरनी माह्यासंगं द्या," पाटील म्हणाले.

"ती इथंच राहील. अभ्यासासाठी."

"माह्या पाठीतली हाये. माही हाये."

बरणी मिळाली नाही. पण पाठ मोकळी झाली. पाटील काठी घेऊन उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना माणसांची तोंडं दिसली. निघायच्या दिवशी सर्जनसाहेब खाटेपाशी आले आणि पाटलांना व त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, समोर घेऊन म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालं आहे. काही होणार नाही. पण सांगणं माझं काम. पाय आपोआप उडायला लागला, वहाण पायातून निसटलेली कळेनाशी झाली, किंवा लघवी अडली, तर आत मज्जारज्जूवर दाब येतोय असं समजायचं आणि गाडी पकडून सरळ इकडे यायचं. उशीर केला तर पाय जाईल. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

पाटलांनी शाळेतल्या पोरासारखं सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. चुकला असता तर पुढे म्हणायला तरी जागा राहिली असती.

नांदुऱ्याच्या स्टेशनावर रहेमतुल्लाचा टांगा उभा होता. त्याची स्वतःचीच कंबर त्या आठवड्यात धरली होती. घोड्याला चारा टाकायचा तरी तो आईगं करून टाकत होता. पण गिऱ्हाईक मोठं. त्यानं पाटलांना टांग्याच्या पायरीपाशी आणलं, खाली वाकून त्यांचा उजवा पाय तळव्याखाली हात देऊन उचलला, आणि तो पाय उडाला. उडाला म्हणजे असा, की रहेमतुल्लाच्या पाठीत मधोमध बसला आणि रहेमतुल्ला घोड्याच्या पुढ्यात जाऊन पडला.

उकंडराव पाटील घाबरले. लाथ मारून घाबरायची त्यांची ही पहिलीच खेप. कारण ही लाथ त्यांनी दिलेली नव्हती. ती त्यांच्या पायानं परस्पर दिली होती.

रहेमतुल्ला उठला. आधी हळूहळू, मग एकदम. कमरेवर हात ठेवून त्यानं इकडे वळून पाहिलं, तिकडे वळून पाहिलं.

"पाटीलसाहब... गेली!"

"काय गेलं बे?"

"कंबर! म्हंजे दर्द! अल्ला कसम, आठ दिवसापासून अडकेल होती. एका लाथेत मोकळी केली तुमी! अजी काय हात हाये... नाई, काय पाय हाये!"

टांगा सुरू झाल्यावर मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं, "अहो, पाय आपोआप उडला ना?"

"नाई. म्याच मारली."

"काऊन?"

"त्याचा हात थंडा होता."

मनकर्णाबाईंनी पदर सावरला आणि बाहेर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं लाथेची कबुली दिली नाही असं कधी झालं नव्हतं, तेव्हा विश्वास ठेवायलाही अडचण नव्हती.

टांगेवाल्याच्या तोंडी लागलेली बातमी डाकेच्या पुढे पळते. रहेमतुल्ला उतारूंना आधी लाथ सांगे आणि मग भाडं ठरवी. तिसऱ्या दिवशी पाटलांच्या ओसरीपुढे पाठ धरलेला एक शेतकरी येऊन उभा राहिला. पाटलांनी त्याला हाकलायला काठी उचलली; तेवढ्यात तो पायावर डोकं ठेवायला वाकला, हात तळव्याला लागला, आणि पायानं पुन्हा परस्पर काम उरकलं. तो शेतकरी उड्या मारत गेला. निदान पेठेपर्यंत तरी उड्या मारल्या. पुढे कोणी पाहिलं नाही.

पेठेत शालिग्रामचं दुकान होतं. तेल, मीठ, गूळ, नारळ आणि दुसऱ्याच्या भानगडी, एवढा माल तो ठेवी. त्यानं हे ऐकलं आणि दुकान बायकोच्या हवाली करून तडक ओसरीवर आला.

"पाटील, हे साधं नाई. हे दैवी हाये. पन याले शिस्त पाह्यजे. रिकाम्या हातानं देवापाशी कोनी जाते काय? एक नारळ तं पाह्यजेच."

शिस्त लागली. पाटील ओसरीच्या काठाला पाट घालून बसत, उजवा पाय खाली सोडत. रोगी खाली अंगणात पाठ करून बसे. शालिग्राम बाजूला मोरपीस घेऊन उभा राही आणि "जय" म्हणत पाटलांच्या तळव्यावरून ते टाचेकडून बोटांकडे ओढी. पाय ताडकन उडे, रोगी पुढे आपटे, आणि लोक हात जोडत. नारळ ओसरीवर चढत, तिथून दुकानात उतरत, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा ओसरीवर चढत. काही नारळ तर इतके जुने झाले होते, की त्यांनी सगळे रोगी पाहिले होते.

बायांच्या पाठीला पुरुषानं लाथ मारणं मनकर्णाबाईंना मुळीच मान्य नव्हतं. मग बाया आपापली चोळी धाडू लागल्या. चोळीला लाथ बसे, पाठ म्हणे घरी बरी होई.

गोजरबाईचा धंदा बुडाला. एके दिवशी ती भर गर्दीत येऊन उभी राहिली.

"काय हो शालिग्रामभाऊ, हा उकंडा पायाळू कवापासून झाला? याचं बाळंतपन माह्या मायनं केलं. डोक्याकडून आलता. चांगलं मोठं डोकं. माय सांगे, दगडावानी."

गर्दीत कुजबुज झाली. खऱ्या पायाळूचा शब्द होता. असा उडवून लावता येत नव्हता. एक-दोघांनी नारळ काखेत घेतले. पाटलांचा चेहरा उतरला. शालिग्रामनं मात्र डोळे मिटले, मान हलवली, आणि दाराच्या आड उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंना विचारलं, "वयनी, खरं सांगा. नागपूरले ऑपरेशनच्या खोलीतून पाटलाले भाईर आनलं, तवा आदी काय दिसलं?"

मनकर्णाबाई भोळेपणानं म्हणाल्या, "ढकलगाडीवर आनलं. आदी पाय दिसले."

"झालं!" शालिग्रामनं टाळी वाजवली. "ऑपरेशन म्हंजे मानसाचा दुसरा जनम. आन् त्या जनमात पाटील आदी पाय भाईर काढून आले. गोजरबाई, तू एका जनमाची पायाळू, तेबी मायच्या पोटातून. हे सरकारी डॉक्टरच्या हातची पायाळू हायेत!"

असा युक्तिवाद नागपूरच्या हायकोर्टातही कोणी ऐकला नसेल. गोजरबाई तोंडात बोट घालून निघून गेली. नारळ काखेतून परत बाहेर आले. दाराआड मनकर्णाबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. आपण खरं बोललो आणि खोट्याला पाय फुटले, हे त्यांना तेवढ्यात कळलं होतं.

पाटलांना काय वाटत होतं? पाटलांना सगळं ठाऊक होतं. सर्जनसाहेबांचं बोलणं त्यांना अजून तोंडपाठ होतं. पण जी माणसं त्यांना पाहून गल्ली बदलत, ती आता त्यांच्या गल्लीत रांग लावून उभी होती. कोणी विचारी, पाटील, रात्री झोप लागली का? कोणी घरचं दही आणी. कुठल्याशा खेड्यावरून आलेल्या एका म्हातारीनं तर त्यांच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली आणि म्हणाली, "माय गेली तुही बाप्पा, पन तिनं तुले कायच्यासाठी वाचवलं ते आज समजलं." आई गेल्यापासून त्या गालाला न्हाव्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. पाटलांना त्याची चव लागली. आणि चव लागलेला माणूस पथ्य पाळत नाही.

एकदा ते मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. मागून कडूबा धावत आला. हा त्यांचा जुना सालदार. अर्धं आयुष्य त्यानं पाटलांच्या शेतात घालवलं होतं, आणि पाटलांची लाथ ज्या काळात दैवी नव्हती त्या काळात त्यानं ती पोटभर खाल्ली होती. त्याच्या हातात एक वहाण होती.

"मालक, तुमची वाहान. रस्त्यात पडेल होती."

पाटलांनी खाली पाहिलं. उजवा पाय उघडा होता, धुळीनं भरला होता, अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं. त्यांना काही कळलं नव्हतं.

"म्याच ठेवली तिथं," पाटील म्हणाले.

"भर रस्त्यात?"

"माही वाहान, माहा रस्ता. तुले काय करा लागते?"

कडूबानं वहाण पायाशी ठेवली आणि गेला.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाईंनी पाय शेकायला घंगाळात पाणी आणलं. विसण घालायचं त्या विसरल्या होत्या. पाटलांनी दोन्ही पाय बुडवले, डावा ओरडून बाहेर काढला, आणि उजवा तसाच आत ठेवून बसले. पाणी वाफाळत होतं. पायाचा रंग बदलत होता.

"अहो! काढा ना भाईर! चटका नाई बसून राह्यला?"

"हे तपश्चर्या हाये."

"तपश्चर्या घाला चुलीत! डॉक्टरनं काय सांगतलं होतं? पाय उडला. वाहान निसटली, मले कडूबानं सांगतलं. आता चटका समजत नाई. अजून कायची वाट पाह्यता? उद्याच्या गाडीनं नागपूरले चला."

"इतले लोक येऊन राह्यले. त्याईले काय सांगू?"

"सांगा, पाटील बिमार हायेत."

"म्हंजे ज्या पायानं लोक बरे होतात, तोच पाय बिमार?" पाटील हसायला गेले, पण हसू नीट आलं नाही. मग खाली मान घालून म्हणाले, "पाय बरा झाला तं उडनार नाई. उडला नाई तं कोन येईन माह्याकडं? परवापासून मी पुन्हा उकंड्या."

"आन् पाय गेला तं? मंग उकंड्याबी नाई म्हननार. लंगड्या म्हनतीन."

पाटलांनी पाय पुसला, तोही आधी डावाच. उजवा कुठे आहे हे पाहावं लागलं. नागपूर पुढच्या सोमवारवर गेलं, आणि पुढच्या सोमवारी त्याच्या पुढच्या.

मधल्या काळात पाय मंदावला. पूर्वी मोरपीस टेकताच उडायचा. आता शालिग्रामला दोन-तीनदा ओढावं लागे. लाथही पूर्वीसारखी राहिली नाही. रोगी पडायच्याऐवजी नुसता पुढे झुके. पण भक्तीला याची अडचण नसते. लोक स्वतःच पुढे पडू लागले.

बाजाराच्या दिवशी गर्दी अशी, की अंगणात तीळ ठेवायला जागा नाही. रहेमतुल्लानं नांदुऱ्याहून दोन खेपा केल्या होत्या आणि तिसरीसाठी घोड्याला पाणी दाखवत होता. पाटील पाटावर बसले. सकाळपासून त्यांचं ओटीपोट फुगून दुखत होतं. दोनदा लघवीला जाऊन आले होते आणि दोनदा तसेच परत आले होते. पहिला रोगी पुढे आला तो कडूबा.

"काय झालं बे तुले?" पाटलांनी विचारलं.

"पाठ धरली मालक. काल कडब्याच्या पेंढ्या उचलल्या." कडूबानं नारळ शालिग्रामच्या हातात दिला आणि गर्दीकडे वळून म्हणाला, "पाह्यलं काय रे बाप्पा, काय दिवस आले! वीस वर्स यायच्या घरी लाथा खाल्ल्या, साऱ्या फुकट. आता तेच लाथ पाह्यजे तं नारळ द्या लागते. तवाच खाऊन ठेवल्या असत्या दोन-चार जास्तीच्या!"

अंगण हसलं. पाटीलही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. कडूबा पाठ करून बसला. ती पाठ पाटलांच्या ओळखीची होती.

"जय!" शालिग्रामनं मोरपीस ओढलं.

काही झालं नाही.

"जय जय!" पुन्हा ओढलं. पाय लटकून होता. शालिग्रामनं मोरपिसाची दांडी उलटी करून ओढली, मग नख लावलं, मग लोकांना दिसू नये असा चिमटा काढला. पाय हलला नाही. अंगणातला आवाज हळूहळू बसला.

तेव्हा पाटलांनी स्वतः लाथ मारायचं ठरवलं. त्यात काय, जन्मभर मारल्या होत्या. त्यांनी दात आवळले, पाटाची कड धरली, पोटातून जोर लावला. मान थरथरली, डावा पाय थरथरला, कपाळावर घाम आला. उजवा पाय दुसऱ्याच कोणाचा तरी, ओसरीवर विसरून गेलेला असावा, तसा लटकून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा पाटलांना आपल्या पायाची आठवण आली, आणि पाय तिथे नव्हता.

ते पुढे वाकले आणि कुजबुजले, "कडूबा... लागली म्हन. पुढं पड."

पुढे पडणं कडूबाला जड नव्हतं. सगळे पडतच होते. पण तो मोठ्यानं म्हणाला, "नाई मालक. नाई लागली. साऱ्या गावाले इचारा, तुमची लाथ कशी लागते ते माह्याइतकं कोनाले ठाऊक नाई." तो वळला आणि पाटलांचा पाय दोन्ही हातांत घेतला. "आवो, हा तं थंडागार पडला. पाय चालला तुमचा."

दाराचा आडोसा सोडून मनकर्णाबाई भर गर्दीत बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर तेवढा सांभाळला, बाकी कोणाची भीड ठेवली नाही. "रहेमतुल्ला, टांगा फिरव! टेसनावर जा लागते."

"सत गेलं," शालिग्रामनं लगेच जाहीर केलं. "म्या सांगतलं होतं, कडूबाचा नारळ नासका हाये."

"मंग माहा तं चांगला हाये, तो वापस दे," मागून कोणी ओरडलं. दुसऱ्यानं विचारलं, "गोजरबाई घरी हाये काय?" आणि अंगण बघता बघता रिकामं झालं. पाटलांना उचलून टांग्यात ठेवायला कडूबा आणि रहेमतुल्ला दोघंच उरले. दही आणणारे, झोप विचारणारे, सगळे गोजरबाईच्या गल्लीत वळताना पाटलांना टांग्यातून दिसले. तिनं म्हणे त्या दिवसापासून ओंजळभर ज्वारीचा भाव दोन ओंजळी केला.

"तुही पाठ?" पाटलांनी कडूबाला विचारलं.

"ते दुखूनच राह्यली. तुमी जा पह्यले."

नागपूरला सर्जनसाहेबांनी आधी तुंबलेली लघवी नळीनं मोकळी केली, मग खिशातून किल्ली काढली आणि पाटलांच्या तळव्यावरून टाचेकडून बोटांकडे ओढली. शालिग्राम मोरपीस ओढी तशीच, फक्त जय म्हटलं नाही. पाय गप्प.

"पाय उडायला कधी लागला होता?"

"घरी गेलो त्याच दिवशी, टेसनावर."

"आणि इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

मनकर्णाबाई म्हणाल्या, "लोकायच्या पाठी बऱ्या करत होते जी."

साहेबांनी थट्टा आहे का म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. सगळी हकीकत ऐकून ते इतके हसले, की रुमाल काढावा लागला. आणि मग इतके रागावले, की तोच रुमाल पुरला नाही. "अडाणी! शुद्ध अडाणी लोक! मज्जारज्जू दबतोय म्हणून पाय झटके देतो, आणि हे त्याला नारळ वाहतात!"

त्याच दिवशी पाठ पुन्हा उघडली. आत हळूहळू रक्त साचून त्याचा गोळा झाला होता. साहेबांना त्याचं फार वाईट वाटलं. पाटलांसाठी थोडं, आणि पुस्तकासाठी जास्त. "इतक्या उशिरानं असं व्हायला नको. असं कुठेही लिहिलेलं नाही," असं ते शिकाऊ डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होते. जणू पाटलांच्या पाठीनं बेकायदा वर्तन केलं होतं. पाय येईल की नाही, यावर मात्र ते म्हणाले, "आता वाट पाहायची. मी काही सांगू शकत नाही."

पाटलांनी वाट पाहिली. जन्मभर ज्यांनी कोणाला दोनदा सांगितलं नव्हतं, ते पायाच्या अंगठ्याला दिवसभर विनवत पडून राहिले. बाप्पा, हाल. एकडाव हाल. मनकर्णाबाई खाटेशी बसून तो अंगठा चोळत राहिल्या. भेटायला गावाहून कोणी आलं नाही. पाटलांनी पहिले काही दिवस दाराकडे पाहिलं, मग पाहायचं सोडलं.

एका सकाळी अंगठा हलला. मनकर्णाबाईंना वाटलं, आपल्याच हातानं हलला. त्यांनी हात काढला. तो पुन्हा हलला. पाटील पालथ्या हातानं डोळे पुसत म्हणाले, "हा आपोआप नाई बरं का. हा म्याच हालवला." या वेळी ते खरं होतं. मग चटका कळू लागला, मग टाच, मग गुडघा. पाय लंगडाच राहणार होता, पण राहणार होता.

घरी जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, सर्जनसाहेब एकटेच आले. बरोबर शिकाऊ डॉक्टर नव्हते. नर्सला त्यांनी कशासाठी तरी बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचा एक हात कमरेवर होता, आणि ते जरा वाकून चालत होते.

"तो तुमचा टांगेवाला," ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "त्याची कंबर पुन्हा कधी धरली का?"

"नाई जी. धरल्याचं तं आयकलं नाई."

"हं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"बराबर हाये."

"दिवसदिवस टेबलापाशी वाकून उभं राहायचं म्हणजे..." साहेब थांबले. "चार दिवस झाले. वाकता येत नाही. औषधं घेतली. विश्वास वगैरे मुळीच नाही. केवळ प्रयोग म्हणून." आणि ते पाटलांच्या खाटेकडे पाठ करून उभे राहिले.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडात कोंबला. पाटलांनी त्या पाठीकडे पाहिलं. पांढराशुभ्र कोट, विलायतेला जाऊन आलेली पाठ. असली पाठ लाथेसाठी आपल्यापुढे कधी येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी उजवा पाय उचलला. तो हळूच उठला, थरथरला, गुडघ्यात वाकला, त्यांनी सांगितलं तिथे थांबला. मग त्यांनी तो तसाच अलगद गादीवर परत ठेवला.

"साहेब, पाय आता माह्या ताब्यात आला. आता मारली तं ते नुसती लाथच होईन."

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"हलकेच मारा," ते म्हणाले.